पाऊस उघडला की

साखरप्याला ऊन होतं, इतकं की
एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटका देई.
पालीला धो धो.
पावसला मात्र थेंब नाही.
कंडक्टर म्हणाला, नावातच संपला असेल,
आणि आपला आपणच हसला.

पूर्णगडच्या फाट्यावर हरेश्वर उभा.
हातात छत्री, डोक्याला टॉवेल, पायात गमबूट.
"तीन नंबरचा बावटा लावलाय," पिशवी घेत म्हणाला,
"कार्तिक अर्धा सरला, पण ह्याला घर आठवत नाही."

मी अठरा हजारांसाठी आले होते.
हे कोणाला सांगितलं नव्हतं.
गेल्या वर्षी होडीचं इंजिन बसलं तेव्हा दिले,
आणि फोनवर तो म्हणाला होता,
पाऊस उघडला की देतो, ताई.
मीही म्हटलं होतं, सावकाश.
सावकाश म्हणजे किती,
हे दोघांनीही विचारलं नाही.

रंजू दारातच.
मिरजेला नर्सिंगच्या वसतिगृहात
दोन वर्षं आम्ही एका मच्छरदाणीत झोपलो.
"बारीक झालीस गो," ती म्हणाली.
मी झालेले नाही.
तिचे केस पांढरे झालेत, ते मी बोलले नाही.

दुपारी आभाळ असं निवळलं
की खाडीपलीकडे गावखडीचे सुरू
एकेक करून मोजावेत.
रंजूनं अंगणात ताडपत्रीवर गोलीम पसरली.
चहा झाला.
हरेश्वर घसा खाकरून म्हणाला, "ते तुमचं..."
मी कप खाली ठेवला.
आणि पत्र्यावर कोणीतरी
मूठभर सुपाऱ्या फेकल्या.

मग नुसती धावपळ.
शेजारची मुमताज गडगा ओलांडून आली,
न बोलावता, पिठाच्या हातांनी,
आणि ताडपत्रीचा चौथा कोपरा धरला.
वाऱ्यानं आम्हा चौघांनाच उचललं असतं.
निम्मी गोलीम पन्हळाखालून वाहत गटारात,
तिथे दोन बदकं, त्यांची दिवाळी.
रंजू पायरीवर बसून हसत सुटली,
हसता हसता पदर डोळ्यांना लावला.
पाणी पावसाचंच असणार.

रात्री वीज गेली.
मेणबत्तीच्या उजेडात बांगड्याचे काटे
तिनं माझ्या ताटातून काढून दिले,
जणू मी तिच्या वॉर्डातली पेशंट.
झोपल्यावर दाराची कडी वाजली,
एकदा, दोनदा, पहाटेपूर्वी तिसऱ्यांदा.
"होडीचा दोर बघायला जातो," अंधारात रंजू म्हणाली.
"झोपत नाही हल्ली. आभाळ ऐकत पडतो."
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"तुझं डोक्यात आहे हां त्याच्या."
मी झोपल्यासारखा श्वास घेतला.
रात्रपाळीत शिकलेलं कधीतरी उपयोगी पडतं.

सकाळी धुकं, आठाला ऊन,
जसं काही घडलंच नाही.
त्यानं मला खोपीत नेऊन इंजिन दाखवलं.
जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं,
वाफ घ्यायला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखं.
"आता एक नंबर चालतं," म्हणाला.
"फक्त समुद्रानं घ्यायला हवं आत."
त्याच्या आवाजात मागणं नव्हतं.
माझ्याही घशातलं खाली गेलं.

निघताना पिशवीत आमसुलं, दोन नारळ,
आणि उरलेली गोलीम, अजून दमट.
"तुमच्याकडे घाटावर ऊन असतं," रंजू म्हणाली,
"घाल एक दिवस. सुकली की निम्मी परत पाठव."
आंब्याच्या वळणावर नाकाला रुमाल लावून
पुढच्या सीटवरचे गुरुजी तीनदा मागे वळले.

आज कोल्हापुरात गच्चीवर
पेपर अंथरून ती पसरलीय.
खालच्या मजल्यावरच्या देसाईबाई
काही बोलल्या, मी ऐकलं नाही.
ऊन खणखणीत आहे.
फोन वाजला.
"पोचलीस ना? इकडे पुन्हा लागलाय गो."

लागू दे, म्हटलं.